विकास योजना आणि पूर्वापार वापर : हक्क, मर्यादा आणि जबाबदारी

वस्ती वाढत जाते आणि जमिनीचा उपयोग पालटत जातो. एके काळी गावाच्या वेशीबाहेर, शेताच्या कडेला उभी राहिलेली वीटभट्टी काही वर्षांनी घरांच्या रांगांमध्ये सापडते. ओढ्याकाठचा रंगकामाचा कारखाना शाळेचा शेजारी होतो. ज्या यंत्रमागांचा खडखडाट पूर्वी फक्त माळरानाने ऐकला, तोच आता आजाऱ्यांची आणि परीक्षेला बसणाऱ्या मुलांची झोप मोडतो. अशा वेळी दोन्ही बाजूंकडून एकेक प्रश्न विचारला जातो. रहिवासी म्हणतात, "हा भाग निवासी म्हणून जाहीर झाला आहे, मग हा कारखाना येथे कसा?" कारखानदार म्हणतो, "मी आधी आलो, वस्ती नंतर आली, मग माझा दोष कोणता?"

हे दोन्ही प्रश्न रास्त आहेत, आणि म्हणूनच त्यांचे उत्तर केवळ भावनेने देता येत नाही. नगररचनाशास्त्राने या प्रकाराला 'विसंगत वापर' असे नाव दिले आहे. एखाद्या जमिनीचा किंवा इमारतीचा वापर सुरू झाला तेव्हा तो कायदेशीर होता. परंतु नंतर अंमलात आलेल्या योजनेनुसार वा नियमानुसार त्या ठिकाणी तो अनुज्ञेय राहिला नाही, तर तो वापर विसंगत ठरतो. येथे 'विसंगत' आणि 'अनधिकृत' या दोन शब्दांतील भेद प्रथमच ध्यानात घेणे अगत्याचे आहे. अनधिकृत वापर हा आरंभापासूनच परवानगीवाचून झालेला असतो. विसंगत वापराचा आरंभ निर्दोष असतो. त्याच्या भोवतालचा नियम पालटलेला असतो. व्यवहारात या दोहोंची गल्लत होते आणि त्यातून एकीकडे निरपराध व्यावसायिकावर अन्याय होतो, तर दुसरीकडे खरोखरच बेकायदा असलेल्या कामाला 'जुने आहे' या एका शब्दाचे संरक्षण मिळते.

प्रश्नाचा उगम

जमिनीचे निवासी, व्यापारी, औद्योगिक असे विभाग पाडून प्रत्येक विभागात कोणते वापर चालतील हे ठरविण्याची पद्धत विसाव्या शतकाच्या आरंभी पाश्चात्त्य देशांत रूढ झाली. त्याबरोबरच आधीपासून चालत आलेल्या वापरांचे काय करावे, हा प्रश्न उभा राहिला. अमेरिकेतील लॉस एंजेलिस शहरातील एक खटला या बाबतीत उद्बोधक आहे. हॅडाचेक नावाच्या विटांच्या कारखानदाराने १९०२ मध्ये शहराच्या हद्दीबाहेर सुमारे आठ एकर जमीन घेतली. तेथील माती विटांसाठी उत्तम होती. पुढे शहर वाढले, ती जमीन हद्दीत आली, सभोवती घरे झाली आणि नगरपालिकेने त्या भागात विटा भाजण्यास बंदी घातली. विटांच्या व्यवसायासाठी त्या जमिनीची किंमत आठ लाख डॉलर होती, तर अन्य उपयोगासाठी ती साठ हजार डॉलरहून अधिक नव्हती, असे कारखानदाराचे म्हणणे होते. तथापि अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९१५ मध्ये बंदी वैध ठरविली. शहराची वाढ ही खाजगी हितसंबंधांपाशी येऊन अडू शकत नाही, असा त्या निर्णयाचा आशय होता. भरपाई मिळाली नाही.

पुढच्याच वर्षी, जुलै १९१६ मध्ये न्यूयॉर्क शहराने सर्व शहराला लागू होणारी विभागणीची नियमावली स्वीकारली. तिच्यात मात्र वेगळा मार्ग पत्करण्यात आला. जे वापर आधीपासून चालू आहेत ते तसेच चालू द्यावेत, मात्र नव्याने तसे वापर येऊ देऊ नयेत, असे ठरले. यामागे एक अपेक्षा होती. जुनी इमारत जीर्ण होईल, जुना धंदा थकेल आणि विसंगत वापर कालांतराने आपोआप नाहीसे होतील, असे नियोजनकारांना वाटत होते.

ही अपेक्षा बऱ्याच अंशी फोल ठरली. त्याचे कारण समजण्यास सोपे आहे. निवासी भागात नव्या दुकानाला किंवा कारखान्याला बंदी झाली, की जो आधीपासून तेथे आहे त्याला प्रतिस्पर्धीच उरत नाही. नियमाने त्याला अडविण्याऐवजी जणू मक्ताच दिला जातो. साहजिकच असे वापर टिकून राहिले. तेव्हा लॉस एंजेलिसने १९४६ मध्ये मुदतीचा मार्ग काढला. निवासी विभागातील काही विसंगत वापर पाच वर्षांत बंद करावेत, तेवढ्या काळात मालकाने आपली गुंतवणूक वसूल करून घ्यावी आणि अन्यत्र सोय पाहावी, असे त्यात होते. नळकामाच्या साहित्याच्या एका व्यापाऱ्याच्या प्रकरणात कॅलिफोर्नियाच्या न्यायालयाने १९५४ मध्ये ही मुदतीची कल्पना मान्य केली. ब्रिटनने १९४७ च्या नगर व ग्राम नियोजन कायद्याने तिसरा मार्ग स्वीकारला. सार्वजनिक हितासाठी चालू वापर बंद करण्याचा आदेश देता येईल, मात्र त्यासाठी भरपाई द्यावी लागेल, असे हे सूत्र होते. महाराष्ट्राच्या कायद्याचे नाते या तिसऱ्या मार्गाशी अधिक जवळचे आहे.

महाराष्ट्रातील कायदा

राज्यात नगररचनेचा पहिला कायदा १९१५ चा, दुसरा १९५४ चा. त्यांची जागा घेणारा महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ हा ११ जानेवारी १९६७ पासून अंमलात आला. या अधिनियमात 'विकास' या संज्ञेची व्याप्ती मोठी आहे. इमारत बांधणे एवढाच विकास नव्हे. जमिनीच्या किंवा इमारतीच्या वापरात महत्त्वाचा फेरबदल करणे हाही विकासच होय. राहत्या घराचे गोदाम करणे, गोदामात यंत्रे बसविणे, या गोष्टी एक वीटही न हलविता 'विकास' ठरू शकतात.

विकास योजना तयार करण्याचा इरादा कलम २३ अन्वये राजपत्रात जाहीर होतो. त्या दिनांकापासून कलम ४३ चे निर्बंध लागू होतात. त्यानंतर नियोजन प्राधिकरणाच्या लेखी परवानगीवाचून जमिनीच्या वापरात बदल करता येत नाही. पुष्कळांची अशी समजूत असते, की योजनेला शासनाची अंतिम मंजुरी मिळेपर्यंत जे काही सुरू केले ते 'पूर्वीचे' ठरते. ही समजूत चुकीची आहे. इरादा जाहीर झाल्यानंतर आणि योजना मंजूर होण्यापूर्वी, मधल्या काळात परवानगीवाचून सुरू केलेला वापर हा पूर्वापार वापर नव्हे, तो अनधिकृत वापर होय. ज्या ग्रामीण भागाला प्रादेशिक योजना लागू आहे तेथेही कलम १८ अन्वये शेतीखेरीज अन्य वापरासाठी पूर्वपरवानगी आवश्यक असते. याशिवाय शेतजमिनीच्या अकृषिक वापराबाबत महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या त्या त्या वेळी लागू असलेल्या तरतुदी पाळल्या होत्या किंवा कसे, हेही पाहावे लागते.

मालकाला निर्वाहापुरती मोकळीक मात्र कायद्याने ठेवलेली आहे. इमारतीची देखभाल, सुधारणा किंवा फेरफार यांची जी कामे केवळ अंतर्भागापुरती आहेत, अथवा जी बाह्य स्वरूपात महत्त्वाचा पालट करीत नाहीत, त्यांना कलम ४३ च्या परंतुकान्वये परवानगी लागत नाही. गळके छप्पर शाकारणे, फरशी दुरुस्त करणे, यासाठी कोणालाही अडविण्याचे कारण नाही.

अनधिकृत विकासाच्या बाबतीत कलम ५२ अन्वये शिक्षा आणि कलम ५३ अन्वये नोटीस यांची तरतूद आहे. जो वापर कायदेशीर आहे, परंतु योजनेशी जुळत नाही, त्याच्यासाठी कलम ५६ आहे. योग्य नियोजनाच्या आणि सुखसोयींच्या दृष्टीने, विकास योजना लक्षात घेऊन, नियोजन प्राधिकरण मालकावर नोटीस बजावून तीन प्रकारची उपाययोजना करू शकते. पहिली, तो वापर बंद करण्यास फर्माविणे. दुसरी, तो वापर चालू ठेवण्यासाठी अटी घालणे. आणि तिसरी, इमारतीत किंवा बांधकामात फेरबदल करण्यास अथवा ते काढून टाकण्यास सांगणे. नोटिशीची मुदत एक महिन्याहून कमी असू शकत नाही.

या अधिकाराबरोबरच नागरिकाला तीन संरक्षणे दिलेली आहेत. नोटिशीविरुद्ध तो मुदतीच्या आत राज्य शासनाकडे अपील करू शकतो आणि त्या अपिलात त्याला आपले म्हणणे मांडण्याची वाजवी संधी मिळते. नोटिशीचे पालन केल्याने त्याच्या हितसंबंधांची किंमत घटली, जमिनीच्या उपभोगात व्यत्यय आला किंवा त्याला खर्च सोसावा लागला, तर तो भरपाई मागू शकतो. आणि जमीन कोणत्याही वाजवी लाभदायक उपयोगाची उरत नसेल, तर ती खरेदी करून घ्यावी अशी मागणी करण्याचा मार्गही त्याला मोकळा आहे.

कलम ५३ आणि कलम ५६ यांतील हा फरक अधिकाऱ्यांनी कटाक्षाने पाळावयास हवा. कायदेशीर वापरावर अनधिकृत वापराची नोटीस काढली, तर मालकाचा भरपाईचा हक्क डावलला जातो आणि ती नोटीस न्यायालयात टिकणे कठीण होते. उलट, अनधिकृत वापराला विसंगत म्हटले, तर नियम मोडणाऱ्याला भरपाईची वाट दाखविल्यासारखे होते.

एक उदाहरण

हे सारे एका काल्पनिक उदाहरणाने स्पष्ट होईल. समजा, एका गावात गावठाणालगत आठ यंत्रमागांची एक शेड आहे. ती सुरू झाली तेव्हा त्या गावाला कोणतीही योजना लागू नव्हती. अकृषिक परवानगी घेतलेली होती, ग्रामपंचायतीचा दाखला होता, वीजजोडणी होती. पुढे गाव नगरपालिकेच्या हद्दीत आले. विकास योजनेत तो भाग निवासी ठरला आणि तेथील नियमांनुसार एवढे माग चालविण्यास वाव राहिला नाही. आता पुढील प्रश्न क्रमाने उभे राहतात.

शेड चालू ठेवता येईल काय? होय. कलम ५६ अन्वये नोटीस निघेपर्यंत आणि लागू असलेल्या विकास नियंत्रण नियमावलीतील अटींच्या अधीन राहून ती चालू राहू शकते.

मालकाने शेड विकली तर? वापर हा जमिनीशी निगडित असतो, व्यक्तीशी नव्हे. केवळ मालक बदलल्याने कायदेशीर वापर बेकायदा होत नाही. मात्र नव्या मालकाला जुन्याहून अधिक हक्कही मिळत नाहीत.

आठाचे बारा माग करावयाचे असतील तर? वाढीव शेड बांधणे हा विकास आहे आणि त्यासाठी कलम ४४ अन्वये अर्ज करावा लागेल. अर्जाचा विचार करताना विकास योजनेतील तरतुदींची दखल घेणे कलम ४६ ने प्राधिकरणावर बंधनकारक केले आहे. म्हणून अशी परवानगी सामान्यतः मिळणार नाही. परवानगी नाकारली गेल्यास कलम ४७ अन्वये चाळीस दिवसांच्या आत अपील करता येते.

माग काढून तेथे रंगकाम सुरू करावयाचे असेल तर? एक विसंगत वापर सोडून दुसरा विसंगत वापर आणणे हा वापरातील महत्त्वाचा बदल होय. जुन्या वापराचे संरक्षण नव्या वापराला मिळत नाही.

शेड जळाली किंवा पडली तर? पुनर्बांधणी हाही विकासच असल्याने त्यासाठी परवानगी लागेल आणि ती त्या वेळी अंमलात असलेल्या नियमांनुसार तपासली जाईल. त्यामुळे जुना वापर पुन्हा सुरू होईलच, असे गृहीत धरता येत नाही.

माग काही वर्षे बंद पडले तर? मंदीमुळे किंवा आजारपणामुळे काही काळ काम थांबणे वेगळे आणि वापर कायमचा सोडून देणे वेगळे. यंत्रे हलविली, जागा राहण्यासाठी दिली, वीजजोडणी कायमची तोडली, अशा गोष्टी वापर सोडल्याचा पुरावा ठरू शकतात. प्रत्येक प्रकरणात वस्तुस्थिती तपासावी लागते.

आणि रात्रपाळीचा आवाज? येथे एक महत्त्वाची गोष्ट आहे. वापर पूर्वीचा असला तरी प्रदूषण करण्याचा हक्क कोणालाही पूर्वीपासून नसतो. ध्वनिप्रदूषण (विनियमन व नियंत्रण) नियम, २००० नुसार निवासी क्षेत्रात ध्वनीची मर्यादा दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबल आहे. जलप्रदूषणाचा १९७४ चा आणि वायुप्रदूषणाचा १९८१ चा कायदा, तसेच कामगारांच्या सुरक्षिततेचे कायदे जुन्या-नव्या सर्वच उद्योगांना लागू होतात. म्हणूनच कलम ५६ मधील 'अटी घालणे' हा मधला मार्ग अनेकदा उपयुक्त ठरतो. कामाच्या वेळा ठरविणे, भिंतींना ध्वनिरोधक आवरण घालणे, धुराड्याची उंची वाढविणे, सांडपाण्यावर प्रक्रिया करणे, अशा अटींनी पुष्कळ वेळा धंदाही टिकतो आणि शेजारही निभावतो.

दिल्लीचा धडा

प्रश्न वेळीच हाताळला नाही तर काय घडते, याचे मोठे उदाहरण राजधानी दिल्लीत पाहावयास मिळाले. दिल्लीची पहिली बृहत् योजना १९६२ ची. घातक व अवजड उद्योग शहराबाहेर जावेत, असे धोरण असूनही ते वर्षानुवर्षे जागच्या जागी राहिले. निवासी भागांत लहान कारखान्यांची भर पडतच गेली. अखेर पर्यावरणविषयक जनहित याचिकेत सर्वोच्च न्यायालयाने ८ जुलै १९९६ रोजी १६८ घातक उद्योगांना ३० नोव्हेंबर १९९६ पर्यंत दिल्लीतील काम थांबविण्याचा आदेश दिला. स्थलांतर करणाऱ्या उद्योगांतील कामगारांची नोकरी अखंड मानावी आणि त्यांना एक वर्षाच्या वेतनाएवढी रक्कम स्थलांतर बोनस म्हणून द्यावी, असेही त्या आदेशात होते. पुढे २००० साली निवासी भागांतील लहान उद्योग बंद करण्याची कारवाई सुरू झाली, तेव्हा मालक आणि कामगार दोघेही रस्त्यावर उतरले. मे २००४ मध्ये न्यायालयाने १ ऑगस्ट १९९० हा दिनांक, म्हणजे दुसरी बृहत् योजना अंमलात आल्याचा दिवस, आधारभूत मानून त्यानंतर निवासी भागांत आलेले उद्योग बंद करण्याचे निर्देश दिले.

या घटनाक्रमातून तीन गोष्टी शिकण्यासारख्या आहेत. आधारभूत दिनांक निश्चित नसेल तर जुने व नवे, कायदेशीर व बेकायदा, हे सारे एकाच गर्दीत मिसळून जाते. पर्यायी जागा आधी तयार नसेल तर बंदीचा घाव सर्वांत प्रथम रोजंदारीवरच्या कामगारावर बसतो. आणि प्रशासनाने दीर्घकाळ दुर्लक्ष केले, तर शेवटी जो निर्णय होतो त्यात सावकाशपणे मार्ग काढण्यास अवसर उरत नाही.

ग्रामपंचायतीने काय करावे

शहरे वाढत आहेत आणि गावे त्यांच्या हद्दीत येत आहेत. एकट्या पुणे महानगरपालिकेच्या हद्दीत २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये आणखी २३ गावांचा समावेश झाला. राज्याच्या बहुतांश भागाला डिसेंबर २०२० पासून एकत्रित विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली लागू झाली. बृहन्मुंबईसाठी स्वतंत्र नियमावली आहे. अशा स्थितीत ग्रामपंचायत सदस्य, ग्रामसेवक आणि शिक्षक यांचे सहकार्य मोलाचे ठरते.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे नोंद. इरादा जाहीर झाल्यानंतर कलम २५ अन्वये सर्वेक्षण करून विद्यमान भूवापर नकाशा तयार केला जातो. गावातील गुऱ्हाळे, वीटभट्ट्या, ओतशाळा, वखारी, यंत्रमाग यांची नोंद या नकाशात यथार्थ झाली आहे काय, हे त्याच वेळी पाहिले पाहिजे. पुढे वाद उद्भवला तर आपला वापर पूर्वीचा आणि कायदेशीर होता, हे सिद्ध करण्याचा भार व्यवहारात वापर करणाऱ्यावरच येतो. त्या वेळी सात-बाराचा उतारा, अकृषिक आदेश, घरपट्टीची आकारणी, परवाने, जुनी वीजबिले हीच त्याची साक्ष असते. हे कागद जपून ठेवण्यास व्यावसायिकांना सांगणे, आणि ग्रामपंचायतीचे जुने दप्तर विलीनीकरणाच्या धांदलीत हरवू न देणे, ही दोन साधी कामे पुढील अनेक वर्षांचे तंटे टाळू शकतात.

दुसरी गोष्ट हरकतींची. प्रारूप विकास योजना कलम २६ अन्वये प्रसिद्ध होते व तिच्यावर सूचना-हरकती मागविल्या जातात. ज्या भागात पिढ्यान्‌पिढ्या एखादा व्यवसाय चालत आला आहे, तेथे सरसकट निवासी विभाग ठेवावा की त्या व्यवसायाला सामावून घेणारी रचना करावी, हे सांगण्याची योग्य वेळ हीच असते. योजना मंजूर झाल्यावर ती प्राधिकरणावरही बंधनकारक होते आणि नंतरचा बदल लांबच्या वाटेने करावा लागतो. ग्रामसभेत नकाशा मांडून, तो समजावून सांगून, व्यावसायिक व रहिवासी या दोघांचेही म्हणणे लेखी पाठविले, तर नियोजनकारालाही जमिनीवरचे वास्तव कळते.

तिसरी गोष्ट नव्या रहिवाशांची. घर किंवा भूखंड घेताना शेजारी काय आहे, आणि तो वापर कायदेशीर आहे की नाही, याची चौकशी खरेदीपूर्वीच व्हावयास हवी. नगररचना कार्यालयाकडून वापर-विभागाचा दाखला घेता येतो. मात्र 'निवासी विभाग' एवढे शब्द पाहून शेजारचा कारखाना उद्याच बंद होईल, असा समज करून घेणे योग्य नव्हे.

विकास योजना ही भविष्याचे चित्र असते, तर पूर्वापार वापर हा भूतकाळाचा वारसा. योजना अंमलात आली म्हणून कालपर्यंत प्रामाणिकपणे केलेला उद्योग गुन्हा ठरत नाही. त्याचप्रमाणे उद्योग जुना आहे म्हणून शेजाऱ्यांनी धूर आणि आवाज कायमचा सोसावा, असेही नाही. कायद्याने या दोहोंमध्ये नोटीस, सुनावणी, अटी आणि भरपाई असा पूल बांधलेला आहे. तो पूल वापरात राहील, याची दक्षता अधिकारी, लोकप्रतिनिधी आणि नागरिक या सर्वांनीच घ्यावयाची आहे. योग्य वेळी केलेली एक नोंद आणि योग्य कलमाखाली काढलेली एक नोटीस यांमुळे कित्येक कुटुंबांची भाकरी वाचू शकते आणि कित्येक घरांची रात्रीची झोपही.